मुंबईने उपनगरं १९५० साली घेतली? वापरायला तर केव्हाच घेतली होती!

वांद्रं एके काळी ठाणे जिल्ह्यात होतं म्हटलं की हल्लीच्या मुलांना चेष्टा वाटते. तिथे १८७६ पासून स्वतःची म्युनिसिपालिटी होती. कुर्ल्याचीही वेगळी, आणि पुढे पार्ले-अंधेरीची, घाटकोपर-किरोळची. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा निघाला तरी म्युनिसिपालिट्यांचा कारभार आपापल्या जागी चालूच राहिला. १९५० मध्ये बृहन्मुंबई झाली आणि त्या बरखास्त झाल्या. (मुलुंड-दहिसरपर्यंतची हद्द १९५७ ची.)

या विलीनीकरणाचा विषय निघाला की दोन सूर ऐकू येतात. एक, मुंबईने खेड्यांचा उद्धार केला. दुसरा, "काय होतं हो आमचं पार्लं!" मला दोन्ही अर्धवट वाटतात. साष्टीचा, म्हणजे ही उपनगरं ज्या बेटावर आहेत त्याचा, वापर मुंबई त्याआधी नव्वद वर्षं बिनदिक्कत करत होती. १९५० मध्ये सातबारावर नाव चढलं, इतकंच.

विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. दोन्ही साष्टीतले, आणि बांधले शहराची तहान भागवायला. बदल्यात शहराने काय पाठवलं? क्रॉफर्डसाहेब म्युनिसिपल कमिशनर असताना शहरातला कत्तलखाना उचलून वांद्र्याला नेला. म्हणजे मटण शहराच्या ताटात आणि दुर्गंधी खाडीपलीकडे. मग कचरा. हार्बर लाइनच्या लोकलने कुर्ल्याहून चेंबूरला जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल की हा फाटा १९०६ साली टाकला तो माणसांसाठी नव्हे, शहरातला कचरा वाहून नेणाऱ्या गाड्यांसाठी? तो कचरा तिकडच्या खाजणात ओतायचा. प्रवाशांना गाडी मिळाली १९२४ मध्ये. आधी कचऱ्याची सोय, मग माणसांची! देवनारचं डम्पिंग १९२७ चं. तेही तेव्हाच्या हद्दीबाहेर.

हद्द पुढे सरकली, पण सवय गेली नाही. वांद्रं शहरात आलं आणि सत्तरीच्या दशकात कत्तलखाना गेला कुठे, तर देवनारलाच. आज तो भाग एम पूर्व वॉर्डात येतो. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सगळ्यात खालचा नंबर याच वॉर्डाचा होता. योगायोग म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणावं.

आता जुन्या म्युनिसिपालिट्यांचे फार गोडवे गायचंही कारण नाही. मतदानाचा हक्क तेव्हा घरपट्टी भरणाऱ्या, मालमत्ता असणाऱ्यांपुरता होता. स्वदेशी मिलमध्ये राबणाऱ्या कामगाराला कुर्ला म्युनिसिपालिटीत कोण विचारत होतं? पाणी आणि गटारं एकेका गावाच्या ऐपतीतली कामं नव्हती, हेही खरं. त्यामुळे एक महापालिका झाली याला माझी हरकत नाही.

हरकत आहे ती अधिकार सगळे फोर्टातल्या पालिका मुख्यालयात नेऊन ठेवण्याला. कुर्ल्याच्या एल वॉर्डाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत नऊ लाखांवर होती. त्याच जनगणनेत अमरावती शहराची साडेसहा लाखांच्या आत. अमरावतीला स्वतःची महापालिका, महापौर, आयुक्त, बजेट. कुर्ल्याला? एक सहायक आयुक्त आणि किरकोळ खर्चापुरते अधिकार असलेली प्रभाग समिती. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपल्यावर तर तीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवकही नव्हते, सगळं प्रशासकाच्या सहीवर. शेजारच्या नाल्यासाठी भांडायला हक्काचा माणूस नाही, अशी वेळ जुन्या कुर्ल्यातल्या निदान घरपट्टीवाल्यांवर तरी येत नसावी.

वॉर्डाला स्वतःचं बजेट द्या, घरपट्टीतला ठरावीक वाटा तिथेच राहू द्या आणि त्याचा हिशेब वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर लावा. महापालिका न फोडता हे करता येतं.

आणि हो, कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत वांद्रे, कुर्ला किंवा पार्ले-अंधेरी म्युनिसिपालिटीच्या घरपट्टीच्या पावत्या असतील तर कमेंटमध्ये फोटो टाका. नाव-पत्ता झाकून टाका, रक्कम तेवढी दिसू द्या.