फी भरतो ना, मग वर देणगी कशाला?

लेक नववीत गेली त्या वर्षीची गोष्ट. इथे अमेरिकेत हायस्कूल नववीपासून सुरू होतं. आम्ही तिला मुलींच्या कॅथलिक शाळेत घातलं. का घातलं तो वेगळ्या पोस्टचा विषय. आम्ही ख्रिश्चन नाही, आणि तिच्या वर्गात आमच्यासारख्या इतरही होत्या, एवढं सांगून पुढे जाते. फीचा पहिला हप्ता खात्यातून गेला आणि पंधरा दिवसांत शाळेकडून जाडसर पाकीट आलं. मला वाटलं वेळापत्रक वगैरे असेल. आत मुख्याध्यापिकांचं पत्र, एक कार्ड आणि पत्ता छापलेलं परतीचं पाकीट. पत्र दोन पानी. पहिल्या पानभर मुलींच्या नाटकाचं, बास्केटबॉलचं कौतुक. दुसऱ्या पानाच्या तळाशी, अगदी ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं, एक वाक्य : ॲन्युअल फंडाला, म्हणजे शाळेच्या चालू खर्चासाठी दरवर्षी जमवायच्या देणग्यांना, आपलाही हातभार लागावा.

नवरा म्हणाला, "आत्ताच एवढी फी भरली ना? मग हे वरकड कसलं?" मलाही तेच वाटलं. पाकीट महिनाभर फ्रीजवर मॅग्नेटखाली राहिलं आणि मग रद्दीत गेलं.

पुढच्या वर्षी पालकांनी काही तास शाळेत काम करायचं असतं त्याची पाळी आली. तुम्ही काय करता, म्हणून विचारलं. मी म्हटलं, अकाउंट्स. झालं. मला बेक सेलच्या टेबलावर न बसवता डेव्हलपमेंट ऑफिसात नेऊन बसवलं. नाव भारदस्त असलं तरी ही एक छोटी खोली, दोन बायका आणि एक सतत अडकणारा प्रिंटर. शाळेला येणारी प्रत्येक देणगी या खोलीतून जाते. पावत्या जुळवायच्या, पाकिटं भरायची, हे माझं काम. तीन वर्षं केलं.

पहिल्याच आठवड्यात कळलं की शाळेची फी मुळात खर्चापेक्षा कमी ठेवलेली असते. चुकून नाही, जाणूनबुजून. एका मुलीमागे वर्षाला जो खरा खर्च येतो तेवढी फी लावली तर वर्गात फक्त श्रीमंतांच्या मुली उरतील, आणि तशी शाळा चालवायची तर सिस्टर्सनी, म्हणजे कॅथलिक नन्सनी, ती काढलीच नसती. मग मधलं अंतर उरतं. ते ॲन्युअल फंडाने, काही प्रमाणात एन्डॉवमेंटच्या, म्हणजे कायम ठेवीच्या, व्याजाने आणि वर्षातून एकदा होणाऱ्या 'गाला'ने, म्हणजे देणग्या जमवायच्या जेवणाच्या समारंभाने, भरून काढायचं. स्कॉलरशिपचा खर्च पुन्हा याच्या वर. म्हणजे पूर्ण फी भरणाऱ्या आमच्या लेकीच्या शिक्षणातही कुणा अनोळखी माणसाचा पैसा होता. मला हे झोंबलं. आपण कुणाचं फुकट घेत नाही अशी आपली एक ऐट असते, तिला तिथे टाचणी लागली.

सरकार देत नाही का? सार्वजनिक शाळेला देतं तसं थेट नाही. ओरेगॉन राज्याने १९२२ मध्ये कायदा केला होता की मुलांनी सरकारी शाळेतच गेलं पाहिजे. त्याविरुद्ध कोर्टात गेल्या त्या मुलींच्या शाळा चालवणाऱ्या सिस्टर्सच. १९२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. शाळा चालवायचा हक्क मिळाला, पैसे मात्र नाही मिळाले. अलीकडे काही राज्यांत व्हाउचर (खाजगी शाळेच्या फीसाठी सरकारी पैसे) किंवा टॅक्स क्रेडिट (करात सूट) आहे, आणि २०२७ पासून स्कॉलरशिप संस्थांना देणगी देणाऱ्यांना केंद्राचंही १,७०० डॉलरपर्यंतचं क्रेडिट सुरू होणार आहे, ज्या राज्यांना हवं त्यांच्यासाठी. पण ते पैसे मुलीच्या स्कॉलरशिपचे. गळक्या छताला त्यातलं काही मिळत नाही.

मग पूर्वी हे कसं भागत होतं? या प्रश्नाचं उत्तर मला एका कपाटात मिळालं. जुने ऑडिट रिपोर्ट होते, पिवळे पडलेले, पिना गंजलेल्या. सवयीने चाळायला बसले. जमेच्या बाजूला एक ओळ दरवर्षी दिसत होती : सिस्टर्सनी दिलेल्या सेवेचं मूल्य. बाहेरच्या शिक्षिकेला जो पगार द्यावा लागला असता आणि सिस्टरला प्रत्यक्षात जे नाममात्र मानधन दिलं, त्यातला फरक देणगी म्हणून जमा धरलेला. फाइल जसजशी पुढची उघडत गेले तसतसा तो आकडा बारीक होत गेला. एका वर्षी निम्म्यावर आला. मग आणखी खाली. आणि शेवटी त्या रकान्यात नुसती आडवी रेघ.

मी ती रेघ बराच वेळ बघत बसले होते. शाळेचा सगळ्यात मोठा देणगीदार कोण, तर भिंतीवर ज्यांचं नाव नाही अशा, शेजारच्या कॉन्व्हेंटमध्ये एका खोलीत राहून आयुष्यभर बीजगणित शिकवलेल्या बायका. न्यू ऑर्लिन्सला उर्सुलाइन सिस्टर्सनी १७२७ मध्ये मुलींची शाळा काढली, ती अजून चालू आहे. तेव्हा अमेरिका नावाचा देशही नव्हता. तिथपासून गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत हा सगळा डोलारा याच हिशेबावर उभा होता. १९६५ च्या सुमारास या देशात जवळजवळ १ लाख ८० हजार सिस्टर्स होत्या. आज त्या ४० हजारांच्या आत आहेत, त्यातल्याही बहुतेक वयस्कर. वर्गात आता तुमच्याआमच्यासारख्या शिक्षिका आहेत. त्यांना घरभाडं आहे, मुलं आहेत, त्यांना आरोग्य विमा लागतो, पेन्शन लागते. ते मागण्यात त्यांचं काही चुकत नाही. पण खर्च एका पिढीत कुठल्या कुठे गेला आणि फी मात्र त्या वेगाने वाढवता येत नाही.

देणगीदार आज भरतात ती जागा त्या सिस्टर्सची आहे. एवढंच मला या पोस्टमध्ये सांगायचं आहे. बाकी सगळा पाल्हाळ आहे, पण तो करणारच.

कारण सिस्टर्सचं दान आणि आपलं दान यात एक मोठा फरक आहे. त्यांनी दिलं ते कशालाही चालत होतं. आपण देतो ते अटी घालून. पावत्या जुळवताना बघायचे : नव्या लॅबसाठी, चॅपेलच्या खिडकीसाठी, व्हायोलिनसाठी, सॉकरच्या मैदानासाठी. एकदा एकाने पियानो दिला. छान, मोठा. तो वर चढवायला, ट्यून करायला, त्याचा विमा उतरवायला पैसे मात्र कुणी दिले नाहीत. त्याच हिवाळ्यात इमारत गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला. मुली तीन दिवस कोट घालून वर्गात. बॉयलरवर कुणाला नाव कोरायचं नसतं. आणि अट घालून आलेला पैसा कायद्याने त्याच कामाला वापरावा लागतो. व्हायोलिनच्या पैशातून बॉयलर दुरुस्त करता येत नाही. दाता दान करी आणि कोठावळ्याचं पोट दुखे म्हणतात, तो कोठावळा मी. पोट खरंच दुखायचं.

मी काही वेगळी नव्हते. पहिला चेक दिला तेव्हा खाली 'रोबोटिक्ससाठी' असं ठसठशीत लिहिलं होतं. लेक रोबोटिक्समध्ये होती ना.

एन्डॉवमेंटबद्दलही लोकांचा गैरसमज असतो. शाळेकडे एवढे लाख पडलेत, मग मागता कशाला? अहो, ते मुद्दल आहे. त्याला हात लावायचा नसतो. साधारण चार-पाच टक्के दरवर्षी काढायचे. दहा लाख डॉलर ऐकून डोळे विस्फारतात, पण वर्षाला हातात पडतात चाळीस-पन्नास हजार. त्यात एका शिक्षिकेचा पगार आणि विमा निघाला तरी पुष्कळ.

आणि एकाच मोठ्या दात्याच्या भरवशावर राहण्याचं काय होतं, त्याची कॅथरिन ड्रेक्सेलची गोष्ट मला त्या खोलीतल्या बाईंनी सांगितली. फिलाडेल्फियाच्या बँकर घराण्यातली ही मुलगी. वडील १८८५ मध्ये वारले, मागे सुमारे १ कोटी ५५ लाख डॉलर. एक दशांश लगेच धर्मादाय संस्थांना, बाकीच्याचं व्याज तिन्ही मुलींना, आणि मुलींना मूल नसेल तर त्यांच्यानंतर मुद्दलही त्याच संस्थांना, असं मृत्युपत्र. कॅथरिन नन झाली, १८९१ मध्ये नन्सचा स्वतःचा संघ काढला आणि कृष्णवर्णीय व मूळनिवासी मुलांच्या शाळांवर आयुष्यभरात जवळजवळ २ कोटी डॉलर खर्च केले. ती १९५५ मध्ये ९६ व्या वर्षी गेली. त्या दिवशी व्याज थांबलं. मुद्दल गेलं वडिलांनी १८८५ पूर्वी लिहून ठेवलेल्या संस्थांना, आणि त्या यादीत तिचा संघ कसा असणार? तो तेव्हा जन्मलाच नव्हता. २००० मध्ये चर्चने तिला संत ठरवलं, पण शाळांचा आधार कधीच गेला होता. न्यू ऑर्लिन्समधली तिची झेवियर प्रेप, जी पुढे मुलींची शाळा झाली, ती २०१३ मध्ये बंद करायचं जाहीर झालं. तेव्हा धावून आल्या त्या माजी विद्यार्थिनी. पैसे उभे करून त्यांनी तिथेच शाळा पुन्हा सुरू केली आणि तिला कॅथरिन ड्रेक्सेलचंच नाव दिलं. कोट्यधीशाच्या मृत्युपत्रापेक्षा जुन्या पोरींच्या वर्गणीने जास्त काम केलं.

गालाबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. संध्याकाळचे कपडे, लिलाव, हातात नंबराचा फलक घेऊन 'कोण देतंय पाच हजार?' सगळ्यांसमोर आपला फलक वर जात नाही तेव्हा जी काही मान खाली जाते, ती मी अनुभवली आहे. शिवाय तिकिटातली जेवणाची किंमत वजा करून उरेल तेवढ्यालाच करात सवलत. (फीला ती नाहीच, हे आमच्या घरात दोनदा समजावून सांगावं लागलं.) हॉल, जेवण, फुलं यांचा खर्च जाऊन शाळेच्या हातात किती पडतं, हे मी हिशेबात पाहिलंय, म्हणून बोलतेय.

पण त्याहून मला टोचली ती आभाराची पत्रं. लेकीची एक मैत्रीण स्कॉलरशिपवर होती. एका संध्याकाळी दोघी आमच्या टेबलावर अभ्यासाला बसल्या होत्या. ही पोर शाळेने दिलेल्या कार्डावर देणगीदाराला पत्र लिहीत होती. शाळेने नमुन्याला दिलेलं वाक्य लिहिलं, 'तुमच्या औदार्याने माझं आयुष्य बदललं.' खोडलं. पुन्हा लिहिलं. मग पेन चावत म्हणाली, "आयुष्य अजून बदललंच नाहीये, मी दहावीत आहे." शेवटी तिने केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बीकर कसा फुटला, बाई कशा न ओरडता झाडू घेऊन आल्या, ते लिहिलं. उत्तम पत्र होतं. पण माझी लेक तिच्या शेजारी बसून निवांत चिप्स खात होती. तिला कुणी पत्र लिहायला सांगितलं नव्हतं. तिच्याही वर्गातला बीकर कुणीतरी भरून देतच होतं की! मी ते ऑफिसात बोलले. बाई म्हणाल्या, मुद्दा बरोबर आहे. पुढच्या वर्षीपासून सगळ्याच मुलींनी पत्रं लिहिली. माझ्या लेकीने आठवडाभर माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं.

आता थोडं बायकांबद्दल. माजी विद्यार्थ्यांच्या बळावर मुलांच्या शाळा उभ्या राहतात, मुलींच्या शाळांना आधी आपल्या मुली शोधाव्या लागतात. लग्न होतं, आडनाव बदलतं, गाव बदलतं, पाकीट परत येतं. म्हणून देणगीच्या कार्डावर माहेरच्या नावाचा वेगळा रकाना असतो. आणि घरातून देणगी जाते तेव्हा आधी नवऱ्याच्या कॉलेजला. आमच्या घरी तेच. नवऱ्याच्या युनिव्हर्सिटीला दर डिसेंबरला न चुकता चेक, तो का, हे मी वीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. त्या वर्षी विचारलं. पाच मिनिटं शांतता. मग म्हणाला, "ते मागतात म्हणून." हिची शाळाही मागतच होती की, फ्रीजवर, मॅग्नेटखाली.

तेव्हापासून आमच्या कार्डावर 'जिथे जास्त गरज असेल तिथे' या चौकोनात खूण असते. रक्कम सांगण्यासारखी नाही. पण ऑफिसातल्या बाई म्हणायच्या, दहा डॉलर द्या पण द्या. मोठ्या फाउंडेशनकडे अर्ज करताना, तुमच्या पालकांपैकी आणि माजी विद्यार्थिनींपैकी किती टक्के देतात, असं विचारतात. तिथे दहा डॉलर देणारी आणि दहा हजार देणारी, दोघी एकेकच मोजल्या जातात.

लेक आता नोकरीला लागली. मागच्या महिन्यात तिच्या नव्या पत्त्यावर शाळेचं पाकीट आलं. मला फोटो पाठवला, "आई, हे वरकड आलंय." नवऱ्याचा शब्द बरोब्बर लक्षात ठेवलाय. पंचवीस डॉलर दिले, कंपनी तेवढेच घालते, म्हणजे पन्नास. मग संध्याकाळी फोन : "माहेरचं नाव, असा रकाना आहे. काय लिहू?"

म्हटलं, सध्या रिकामा सोड.