फॉर्म आधी भरला म्हणून सीट आधी लागत नाही

नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘एमबीबीएसच्या काउन्सेलिंगचा (कॉलेजवाटपाचा) फॉर्म पहिल्याच दिवशी भरा, उशीर करणाऱ्यांना चांगली कॉलेजं मिळत नाहीत. पसंतीक्रम आधी लॉक करणाऱ्याला सीट आधी लागते. पहिल्या राउंडला मिळेल ते घ्या, पुढे काही उरत नाही.’ मी तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवतो. जून-जुलैत मुलांचे फॉर्म भरून देण्यात माझे बरेच दिवस जातात. या मेसेजपायी रात्री बारा वाजता सायबर कॅफेच्या पायरीवर बसलेले आई-बाप मी पाहिलेत, म्हणून त्यातलं एकेक वाक्य तपासतो.

पहिलं वाक्य. सरकारी कॉलेजांतल्या राज्याच्या ८५ टक्के जागांचे प्रवेश राज्य सरकारचा सीईटी सेल करतो, अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागांचे केंद्राची मेडिकल काउन्सेलिंग कमिटी (एमसीसी). दोन्हीकडे नंबर ठरतो तो नीटच्या रँकवर. सीईटी सेल नोंदणी संपल्यावर सगळ्या अर्जांची मिळून एक गुणवत्ता यादी लावतो. तिच्यात पहिल्या दिवशीचा अर्ज आणि शेवटच्या दिवशीचा अर्ज यांत फरक करणारा रकानाच नाही. दोघांचे गुण सारखे असले तर? तो निकाल नीटच्या रँकमध्येच लागलेला असतो: आधी बायोलॉजीचे गुण बघतात, मग केमिस्ट्रीचे, मग फिजिक्सचे. २०२२ साली या नियमांच्या अगदी तळाशी, वयाच्याही खाली, अर्ज क्रमांक होता हे खरं. पण तो परीक्षेच्या फॉर्मचा क्रमांक. काउन्सेलिंगच्या फॉर्मशी त्याचा काही संबंध नव्हता.

‘आधी लॉक केलं की आधी सीट’ हे वाक्य जास्त नुकसान करतं, कारण त्यामुळे मुलं घाईत यादी भरतात. मुदत संपेपर्यंत कॉम्प्युटर कुणाच्याच यादीला हात लावत नाही. मुदत संपली की गुणवत्ता यादीतला पहिला विद्यार्थी घेतो, त्याची पसंती वरून खाली वाचतो, जिथे जागा मिळेल तिथे थांबतो आणि पुढच्याकडे जातो. समजा, एकीचा मेरिट नंबर ३,१०० आहे आणि तिने शेवटच्या दहा मिनिटांत लॉक केलं. दुसऱ्याचा ३,४०० आहे आणि त्याने सोमवारी सकाळीच लॉक केलं. एकाच प्रवर्गातली एकच जागा दोघांनाही हवी असेल, तर ती तिलाच जाणार.

याच वाचण्याच्या रीतीमुळे आणखी एक गोष्ट घडते, ती मुलांना पटवायला मला फार वेळ लागतो. केईएम किंवा बी. जे. सगळ्यात वर लिहिलं आणि ते मिळालं नाही, म्हणून खाली लिहिलेलं मिरज किंवा अंबाजोगाई हातचं जात नाही. तिथे तुमचा नंबर मेरिटनेच लागतो, तुम्ही ते कितव्या क्रमांकावर लिहिलंत यावर नाही. म्हणून ‘मिळेल तेच वर लिहा’ हा सल्ला ऐकू नका. मनात ज्या क्रमाने कॉलेजं आहेत, त्याच क्रमाने लिहा. त्यासाठी घरच्यांबरोबर दोन दिवस बसा. वसतिगृह, फी, गावापासूनचं अंतर, सगळं बोला. फक्त शेवटचा तास टाळा, कारण त्या वेळी साइट अडकते.

हा समज आला कुठून? मला वाटतं, काही अंशी अमेरिकेतून. तिकडे बहुतेक मेडिकल स्कूल्स अर्ज येतील तसे वाचतात, मुलाखती घेतात आणि जागा देत जातात. जूनच्या सुरुवातीला अर्ज टाकणारा आणि सप्टेंबरात टाकणारा यांच्यात तिथे खरोखर फरक पडतो. न्यू जर्सीतली आत्या भाचीला ‘लवकर अप्लाय कर’ म्हणते ते तिथल्या हिशेबाने बरोबरच आहे. आपल्याकडे ती पद्धतच नाही.

तिसरं वाक्य पहिल्या राउंडचं. पुढे काही उरत नाही, हे चूक. वरच्या रँकची मुलं चांगलं कॉलेज मिळालं की आधीची जागा सोडतात आणि ती खालच्यांसाठी मोकळी होते. मात्र प्रत्येक राउंडचे नियम वेगळे असतात आणि तिथे बेफिकिरी महागात पडते. एमसीसीच्या पहिल्या राउंडला मिळालेली जागा न घेता बाहेर पडता येतं. दुसऱ्या राउंडला मिळालेल्या जागेवर गेला नाहीत तर अनामत जप्त होते. अखिल भारतीय कोट्यात खुल्या गटासाठी ती १० हजार रुपये असते, अभिमत विद्यापीठांसाठी २ लाख. राज्यात स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरून दिलात की मिळालेली जागा पक्की होते आणि पुढच्या राउंडचा विचार संपतो. समोरचा म्हणतो म्हणून तिथे सही करू नका.

मेसेजमध्ये वेळेबद्दलची खरी गोष्ट मात्र कुठेच नाही, आणि ती आहे कागदपत्रांची. राखीव प्रवर्गातून प्रवेशासाठी जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते देते पडताळणी समिती, आणि ती मागते जुने पुरावे: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. म्हणजे आजोबांच्या, पणजोबांच्या शाळेतला उतारा नाही तर महसुली नोंद शोधायची. शाळा दुसऱ्या जिल्ह्यात, रजिस्टर जीर्ण, आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. हे काम आठवड्यात होत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने पोर्टल उघडल्यावर तासाभरात फॉर्म भरला होता. तिची वैधता मात्र समितीकडे अडकलेली होती. तिचं नाव खुल्या गटात गेलं आणि त्या वर्षी तिला एमबीबीएस मिळालं नाही. तिच्या चुलतभावाकडे वैधता होती. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातलं असं प्रमाणपत्र जोडलं की काम बरंच सोपं होतं, पण हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. तेव्हापासून अकरावीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात मी विचारतो, ‘घरात कुणाची व्हॅलिडिटी आहे?’ वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीत असताना कॉलेजच्या पत्रासह करता येतो. नॉन-क्रीमी लेअरचा (उत्पन्न मर्यादेत असल्याचा) दाखला प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे का, तेही तेव्हाच बघायचं. गेल्या वर्षीचा दाखला जोडणारी मुलं मला दर हंगामात भेटतात.

तो मेसेज ज्यांनी पुढे पाठवला, त्यांना माझी विनंती आहे. त्याच ग्रुपवर अकरावीच्या मुलांचे पालकही असतील. त्यांना या वैधतेबद्दल आजच लिहा.