बीडीडी चाळी जेल म्हणून बांधल्या नव्हत्या

आमच्या गावच्या ग्रुपवर चार दिवस एक मेसेज फिरतोय की मुंबईच्या बीडीडी चाळी इंग्रजांनी कैद्यांसाठी जेल म्हणून बांधल्या, पुढं सरकारनं त्या कामगारांना फुकट वाटल्या आणि बाबासाहेब पण तिथंच राहायचे. पाटण-जावळीतल्या कितीतरी घरांची चूल त्या चाळीतनं येणाऱ्या मनीऑर्डरवर पेटलीय, माझ्या आज्ज्यानं नायगावला गावकीच्या खोलीत वळकटी टाकून गिरणीत दिवस काढले, त्यामुळं हे वाचून गप बसवत नाही.

आधी जेलचं बघू. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात 1920 ला निघालेलं खातं, आणि चाळी बांधायला घेतल्या त्या कामगारांना राहायला जागाच नव्हती म्हणून. 50,000 खोल्यांचा बेत होता, झाल्या साधारण 16,000. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून 207 चाळी, खोली 160 फुटांची, संडास सामाईक. खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागं 1 रुपया जकात लावली होती. मग जेल आलं कुठनं? वरळीच्या चाळी कामापासनं लांब, भाडं परवडेना, म्हणून बऱ्याच रिकाम्या पडल्या, आणि 1930 च्या सविनय कायदेभंगात सत्याग्रही ठेवायला तुरुंग पुरेनात तेव्हा तिथं तात्पुरतं जेल केलं. म्हणजे जेल झालं हे खरं, पण बांधून झाल्यावर, आणि आत देशासाठी लढणारी माणसं होती. नेमकं एवढंच गाळल्यामुळं चाळकऱ्यांना उगाच डाग लागतो, मला याचाच राग येतो.

फुकट तर कधीच नव्हत्या. लोक सरकारचे भाडेकरू होते, महिन्याला भाडं भरत होते, आणि त्या एका खोलीत गावचे पंधरा-वीस गडी पाळीप्रमाणं झोपायचे, एक कामाला गेला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा. आता म्हाडाच्या पुनर्विकासात 500 फुटांचं मालकीचं घर मिळतंय, वरळीत 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये चाव्या दिल्या, पण त्याआधी तीन-चार पिढ्या तिथं राबल्यात.

आणि बाबासाहेब. साताऱ्याच्या शाळेत शिकलेले म्हणून आपल्याला तरी हे नीट माहीत पाहिजे. ते राहिले परळच्या बीआयटी चाळीत, 1912 ते 1934, तिथनं दादरच्या राजगृहात गेले. बीआयटी म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, प्लेगनंतर 1898 ला निघालेला, त्याचा बीडीडीशी संबंध नाही. ज्यानं मेसेज टाकलाय त्या भावानं एवढं दुरुस्त करून परत टाकावा.