पक्षांच्या पैशावरचा लगाम राज्यघटनेतच हवा

राजकीय पक्षांना नाव उघड न करता देणगी देण्याची सोय करणारी निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी एकमताने रद्द केली, त्याचे जे स्वागत झाले ते योग्यच होते. राजकीय पक्षाला पैसा कोण पुरवतो हे जाणून घेणे हा मतदाराच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. तरीही या निकालाने प्रश्न सुटला असे मला वाटत नाही. पक्षांच्या पैशाला आवर घालणारे नियम आपल्याकडे साध्या कायद्यांत आहेत, आणि ते कायदे बदलण्याचा अधिकार ज्यांना आवर घालायचा त्यांच्याच हाती आहे.

याचा सर्वांत बोलका दाखला १९७४ चा आहे. दिल्लीतील एका लोकसभा निवडणुकीविषयीच्या कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच खर्चात धरावा, कारण तसे केले नाही तर खर्चमर्यादेला अर्थच उरत नाही. निकाल ऑक्टोबरच्या सुरुवातीचा. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ ला स्पष्टीकरण जोडून पक्षाचा खर्च उमेदवाराच्या हिशेबातून वगळण्यात आला. हे स्पष्टीकरण २००३ मध्ये बदलले. पण पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला आजही कमाल मर्यादा नाही. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांची मर्यादा आहे. (४० लाखांत विधानसभा लढवता येते यावर विश्वास ठेवणारा कार्यकर्ता मला तरी कोणत्याही पक्षात भेटलेला नाही.)

१९७४ मध्ये सत्तेवर काँग्रेस होती. दुसरा दाखला दोन्ही मोठ्या पक्षांचा आहे. लंडनस्थित वेदांता समूहाच्या स्टरलाइट आणि सेसा या कंपन्यांकडून भाजप आणि काँग्रेस यांनी घेतलेल्या देणग्या परकीय देणग्यांविषयीच्या कायद्याचा भंग करणाऱ्या आहेत, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दिला. त्यावर कारवाई होण्याऐवजी कायदाच बदलला. २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये वित्त विधेयकातून ‘परकीय स्रोत’ या संज्ञेची व्याख्या पूर्वलक्षी प्रभावाने सैल करण्यात आली, ती थेट १९७६ पर्यंत मागे नेऊन. एरवी एकमेकांवर तुटून पडणाऱ्या पक्षांना या एका बाबतीत भांडावेसे वाटले नाही. २०१७ मध्येही मार्ग तोच होता. कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता येत असे. ती अट वित्त विधेयकातून काढली गेली आणि धनविधेयक असल्यामुळे राज्यसभेच्या संमतीची गरजच राहिली नाही.

धोक्याची सूचना फार आधी मिळाली होती. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय देणग्या देता याव्यात यासाठी तिच्या घटनापत्रात, म्हणजे कंपनीची उद्दिष्टे ठरवणाऱ्या दस्तऐवजात, बदल करण्यास मुंबई उच्च न्यायालयाने १९५७ मध्ये परवानगी दिली, ती कायद्याने रोखता येत नव्हती म्हणून. पण मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी त्याच निकालपत्रात बजावले की, हा धोका वाढत जाऊन अखेर लोकशाहीचा गळा घोटू शकतो.

म्हणून माझी मागणी स्वतंत्र अनुच्छेदाची आहे. आपल्या मूळ राज्यघटनेत राजकीय पक्षांसाठी तरतूदच नव्हती. १९८५ च्या पक्षांतरबंदीने, म्हणजे दहाव्या अनुसूचीने, पक्षाला त्या ग्रंथात जागा मिळाली, पण त्याच्या तिजोरीला नाही. जर्मनीच्या मूलभूत कायद्याचा, म्हणजे तेथील राज्यघटनेचा, अनुच्छेद २१ पक्षांना पैशाचा स्रोत, विनियोग आणि मालमत्ता यांचा जाहीर हिशेब देण्यास बांधतो. तसे बंधन आपल्याकडे असावे, पक्षाच्या निवडणूकखर्चाला कमाल मर्यादा असावी आणि या विषयावरील कोणताही कायदा धनविधेयकातून किंवा पूर्वलक्षी प्रभावाने बदलता येऊ नये.

अमेरिकेत गाठ वेगळ्या ठिकाणी बसली आहे. तेथे सर्वोच्च न्यायालयानेच २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालात, अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार घेऊन, कंपन्यांच्या स्वतंत्र निवडणूकखर्चावरील बंदी उठवली, त्यामुळे तेथील सुधारकांना घटनादुरुस्ती न्यायालयाचा निकाल ओलांडण्यासाठी हवी आहे. आपल्याला ती न्यायालयाचा निकाल टिकवण्यासाठी हवी.

यावर रास्त आक्षेप असा की, घटनादुरुस्तीही तेच खासदार करणार. खरे आहे, आणि दोन्ही मोठे पक्ष एकत्र आले तर घटनेतील तरतूदही ते मोडू शकतील. परंतु अनुच्छेद ३६८ खाली प्रत्येक सभागृहात स्वतंत्रपणे दोन-तृतीयांश बहुमत लागते, राज्यसभेला वळसा घालता येत नाही आणि अर्थसंकल्पाच्या गर्दीत चार ओळी सरकवता येत नाहीत. प्रत्येक खासदाराला उघड मत द्यावे लागेल. खासगी सदस्याच्या विधेयकावर मात्र भिस्त ठेवता येणार नाही, कारण असे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झाल्याची शेवटची घटना १९७० ची आहे. ही दुरुस्ती सरकारलाच आणावी लागेल, तेव्हा तिचा मसुदा पुढच्या लोकसभा निवडणुकीपूर्वी प्रत्येक पक्षाच्या जाहीरनाम्यात शब्दशः मागावा लागेल.