सूर्यनमस्कार जरूर घाला, पण दारू ‘आजपासून बंद’ करायला सांगू नका

गटारी जवळ आली की एक मजकूर घराघरांतल्या ग्रुपवर उगवतो, आणि ३१ डिसेंबरला पुन्हा. त्याचा मथितार्थ असा: पहाटे पाचला उठा, सूर्यनमस्कार घाला, सात्त्विक जेवा, व्यसन तुमच्या वाऱ्यालाही उभं राहणार नाही. ज्याला आधीच लागलंय त्याने आजपासून एका झटक्यात बंद करावं, २१ दिवस लिंबू-मधाचं पाणी घ्यावं, शरीर शुद्ध. डॉक्टर, केंद्रं, गोळ्या हा सगळा धंदा. आणि ज्याला हे जमत नाही त्याच्यात इच्छाशक्तीच नाही. खाली जोडलेले हात आणि ‘दहा जणांना पाठवा’.

पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण यातलं एक वाक्य माणसाच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून आधी तेच घेतो.

‘एका झटक्यात बंद करा.’ महिन्या-दोन महिन्यांतून एखादवेळी घेणाऱ्याने खुशाल करावं. पण ज्याला सकाळी उठल्यावर क्वार्टर पोटात गेल्याशिवाय उभं राहता येत नाही, त्याचं काय? दारू मेंदूला सुस्त करते. वर्षानुवर्षं पिणाऱ्याचा मेंदू मग उलट बाजूने जोर लावून स्वतःला जागं ठेवायला शिकतो. दारू अचानक थांबली तरी तो जोर काही लगेच ओसरत नाही. पहिल्या दिवशी हात असे थरथरतात की कप बशीवर वाजत राहतो. घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भिंतीवर किडे दिसू लागतात. चादरीवरचे नसलेले धागे वेचत बसतात, खोलीत नसलेल्या माणसांशी बोलतात. घरचे म्हणतात, बाहेरचं काहीतरी लागलंय, आणि रिक्षा बोलावायची सोडून उतारा टाकायची तयारी सुरू होते. या अवस्थेत वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. डॉक्टर अशा वेळी मेंदू शांत करणारी औषधं देऊन काही दिवसांत त्यांचा डोस उतरवत नेतात. मजकुरातल्या ‘धंदा’ या शब्दात हे सगळं येतं.

लिंबू-मधाचं पाणी एरवी निरुपद्रवी आहे. पण रोज खूप पिणाऱ्याचं जेवण बहुधा सुटलेलं असतं आणि बी-१ जीवनसत्त्वाचा साठा रिकामा होत आलेला असतो. अशा शरीरात नुसती साखर गेली की उरलंसुरलं बी-१ तिच्या पचनात खर्ची पडतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते: चालताना तोल जातो, नजर स्थिर राहत नाही, भान हरपतं. म्हणून दवाखान्यात अशा रुग्णाला ग्लुकोजची बाटली लावण्याआधी किंवा तिच्यासोबत बी-१ देतात. त्याला उपास घडवून मधाचं पाणी पाजणं हे नेमकं उलटं काम.

गर्दचं, म्हणजे ब्राऊन शुगर किंवा हेरॉईनचं, गणित आणखी वेगळं. ‘टर्की’ लागली, म्हणजे नशा न मिळाल्याने त्रास सुरू झाला, की अंग मोडून येतं, उलट्या-जुलाब होतात, पण त्याने सहसा जीव जात नाही. धोका नंतर असतो. काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सवय उतरते आणि एखाद्या संध्याकाळी जुन्याच मापाने घेतलं की श्वास थांबू शकतो. घरच्यांना वाटत असतं, आता हा सुटला.

२१ दिवसांचा आकडा कुठून आला? मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ गळाला, चेहराही गळाला, आकडा तेवढा उरला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी साध्या सवयी मोजल्या, जेवणासोबत फळ खाणं वगैरे. सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसागणिक फरक १८ पासून २५४ पर्यंत. ही फळ खायची गोष्ट झाली, दारूची नव्हे.

‘व्यायाम करणारा पोरगा नशेच्या वाटेला जात नाही.’ आपल्याकडच्या जिममध्ये जरा डोकावा. मेफेन्टरमाइन नावाचं इंजेक्शन भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब घसरला तर चढवण्यासाठी असतं. तेच ‘दम टिकतो’ म्हणून जिममधल्या मुलांना चोरून विकणारे महाराष्ट्रात पोलिसांनी पुन्हा पुन्हा पकडले आहेत. ही मुलं पहाटे उठतात, उकडलेली अंडी मोजून खातात. आणि मॅच जिंकल्यावर टीम कुठे बसते, हे क्रिकेट खेळणाऱ्या कुणालाही विचारा.

तरीही खेळाचा उपयोग होतो, आणि त्याचं सगळ्यात भक्कम उदाहरण आइसलँडचं आहे. तिथे १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी महिन्याभरात दारू पिऊन झिंगल्याचं सांगितलं होतं. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. मुलांना खेळात, संगीतात गुंतवलं हे खरंच. पण क्लबची फी भरायला नगरपालिकेने पैसे दिले, क्लबमध्ये शिकलेले प्रशिक्षक ठेवले. १३ ते १६ वयाच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर मोठ्या माणसाशिवाय बाहेर राहायचं नाही, असा कायदा आहे. आईबाप आळीपाळीने रात्री गस्त घालत. दारू विकत घ्यायचं वय २० आणि ते दुकानात पाळलं जातं. महाराष्ट्रात कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे, शिवाय प्यायला परवाना लागतो. तुमच्या कोपऱ्यावरच्या वाईन शॉपने शेवटचं वय कधी विचारलं होतं? म्हणजे आइसलँडमध्ये चांगल्या सवयी मोठ्यांनी मुलांभोवती उभ्या केल्या, पदरचा पैसा आणि वेळ घालून. आपला मजकूर ते सगळं ओझं एकट्या पोराच्या गजराच्या घड्याळावर टाकतो.

राहिली इच्छाशक्ती. ‘मी श्रावण कडक पाळतो, मला कसलं व्यसन?’ हे वाक्य ऐकलं नाही असा मराठी माणूस विरळा. गटारीला ढोसून महिनाभर थांबणं जमतं, कारण तेव्हा घर, गल्ली, मित्र सगळेच थांबलेले असतात, आणि महिना संपणार हे माहीत असतं. श्रावण सरल्यावर पहिल्याच आठवड्यात काय होतं, ते बघा. माळ घातलेल्या माणसाची सुटते तेव्हाही दिंडी, फड, गाव त्याच्यावर नजर ठेवून असतं. ते श्रेय एकट्याच्या निश्चयाला देऊन उरलेल्यांना नेभळट ठरवलं की ते मदत मागायलाच येत नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळाल्याचं दिसलं. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालू आहे. तिथे योगासनं, प्रार्थना, वेळेवर जेवण सगळं असतं, पण सोबत डॉक्टर असतात, समुपदेशक असतात, घरच्यांनाही बोलावतात.

तो मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर त्याखाली एवढं जोडा: व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. रोज पिणाऱ्याला सोडायची असेल तर आधी डॉक्टरांकडे न्या आणि तीन गोष्टी न लपवता सांगा: दिवसाला किती, शेवटची कधी घेतली, आणि पूर्वी बंद केल्यावर फिट आली होती का.