परदेशवाऱ्या कशा विसराव्यात

व्हिसाचा, पीआरचा (म्हणजे कायम वास्तव्याचा) किंवा नागरिकत्वाचा अर्ज भरायला बसलात की नाव, जन्मतारीख, पत्ता, शिक्षण ही पानं भराभर उरकतात. मग तो रकाना येतो: गेल्या दहा वर्षांत कोणकोणत्या देशांत गेलात, कधी गेलात, कधी परतलात, कशासाठी गेलात. घाबरू नका. गेली दहा वर्षं तुम्ही प्रत्येक विमानतळावरून फोटो टाकलेत, बोर्डिंग पास कॉफीच्या कपाला टेकवून त्याची छबी काढलीत, हॉटेलच्या खिडकीतला समुद्र कोणी न मागता सगळ्यांना दाखवलात. तेव्हा कोणाला ऐकायला वेळ नव्हता. आता आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आपण होऊन तुमच्या वाऱ्यांबद्दल तारीखवार विचारतंय. तर विसरायची वेळ नेमकी हीच आहे.

सुरुवात जुन्या पासपोर्टापासून करा. नवा हातात आला की जुना रद्दीत घालायचा. कोपरा कापून, रद्द झाल्याचा शेरा मारून तो परत देतात, म्हणजे त्यातल्या वाऱ्याही रद्द झाल्या, असा सरळ अर्थ काढावा. चुकून सापडलाच तर निदान शिक्क्यांकडे बारकाईने पाहू नका. युरोपातल्या शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या देशांचा, शिक्का तर मुळीच नको. तारकांच्या वर्तुळात देशाची अक्षरं, मधोमध तारीख, सीमानाक्याचं नाव, विमानाने आलात की रेल्वेने की जहाजाने याचं इवलंसं चित्र, शिवाय आत की बाहेर ते सांगणारा बाण. आत आल्याचा शिक्का टोकदार कोपऱ्यांचा, बाहेर पडल्याचा गोलसर कोपऱ्यांचा. अख्ख्या सहलीची हकिगत दोन बोटांच्या जागेत मावलेली. असली माहिती हाताशी असली की अर्ज बरोबर भरला जाण्याचा धोका असतो. त्यापेक्षा ‘मे महिना असावा बहुतेक, उकडत होतं’ ही पद्धत पुष्कळ सोयीची.

शिक्काच नसेल तर प्रश्नच मिटला. हाँगकाँगने २०१३ मध्ये पाहुण्यांच्या पासपोर्टवर शिक्के मारणं बंद केलं आणि हातात एक चिठ्ठी द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी अमेरिकेने विमानाने येणाऱ्यांच्या पासपोर्टात आय-९४ चा, म्हणजे येण्याजाण्याच्या नोंदीचा, कागद टाचणं थांबवलं. युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याच्या जागी संगणकातली नोंद येऊ लागली. यावरून जगभरच्या सरकारांना तुमच्या येण्याजाण्यात रस उरलेला नाही, हे उघड आहे. शाई वाचवतायत बिचारे. चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतात ते आपली आठवण म्हणून. विमान सुटायच्या आधीच कंपनी प्रवाशांची यादी पलीकडच्या देशाला पाठवते, ती स्वागताची तयारी नीट व्हावी म्हणून. आणि अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड हे पाच देश अर्जदारांची माहिती एकमेकांशी ताडून पाहतात, पण एवढ्या गर्दीत तुमचंच नाव कशाला निघेल? हाँगकाँगची ती चिठ्ठी तुम्ही कधीच कचऱ्यात टाकलीत, म्हणजे हाँगकाँगला तुम्ही गेलाच नाहीत.

सगळ्यात मजा नायगाराच्या पुलावर आहे. समजा तुम्ही अमेरिकेत राहता. धबधबा समोरून छान दिसतो म्हणून सकाळी पूल ओलांडून कॅनडात गेलात आणि संध्याकाळी परत आलात. अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात ही फेरी लिहायची नसते, कारण २४ तासांच्या आत आटोपलेल्या फेऱ्या त्यांना नको असतात. आता समजा तुम्ही कॅनडात राहता आणि तोच पूल उलट्या दिशेने ओलांडलात. कॅनडाच्या नागरिकत्वाचा अर्ज करताना ही फेरी लिहावी लागते. तिचे गैरहजेरीचे दिवस मात्र शून्य धरतात, कारण जायचा दिवस आणि यायचा दिवस हजेरीतच मोजला जातो. दिवस शून्य, तरी ओळ भरायची. कोणीही शहाणा माणूस इथे म्हणेल, शून्यच आहे ना, मग लिहायचं कशाला? अगदी बरोबर. एका देशात शिरल्याची नोंद म्हणजेच दुसऱ्या देशातून बाहेर पडल्याची नोंद, असं धरून हे दोन शेजारी २०१३ पासून परक्या नागरिकांच्या अशा नोंदी एकमेकांना देत आले आहेत. पण ते पुलावरून जाणाऱ्यांचं झालं. तुम्ही तर धबधबा बघायला गेला होतात.

युरोपची सहल केली असेल तर काम आणखी सोपं. पॅरिसला आत आल्याचा एक शिक्का, रोमला बाहेर पडल्याचा दुसरा, मधले देश बसच्या काचेतून गेले. लिक्टेनश्टाइनमध्ये बस थांबली तेव्हा तुमचा डोळा लागला होता. व्हॅटिकनमध्ये तर सेंट पीटर चौकाच्या तोंडाशी जमिनीत बसवलेली दगडी रेघ ओलांडली की देश बदलतो, पासपोर्ट कोणी विचारत नाही. प्रामाणिक माणूस सहल कंपनीचा जुना ईमेल शोधून काढतो, वेळापत्रक समोर ठेवतो आणि देश ओळीने लिहितो. तुम्ही ‘युरोप’ लिहा. यादीत युरोप नावाचा देश सापडत नसेल तर ती फॉर्म बनवणाऱ्याची चूक. जवळपासचा दुसरा कुठलाही देश निवडा, तिथलं हवामान सारखंच असतं.

तारखांवर फार वेळ घालवू नका. ०४/०५ म्हणजे काही देशांत ४ मे आणि अमेरिकेत ५ एप्रिल, तेव्हा कुठेतरी बरोबर ठरणारच. टोकियोहून मध्यरात्र उलटल्यावर सुटणारं विमान लॉस एंजेलिसला आदल्या दिवशीच्या संध्याकाळी उतरतं. निघायच्या आधी पोचणं जिथे कायदेशीर आहे, तिथे तुमच्या एकदोन आठवड्यांच्या फरकाला कोण हरकत घेणार?

आता थोडं मुदतीबद्दल. अमेरिकेच्या साध्या व्हिसाचा डीएस-१६० हा अर्ज गेल्या ५ वर्षांत कोणत्या देशांत गेलात एवढंच विचारतो. ऑस्ट्रेलियाचा फॉर्म ८० दहा वर्षांचा हिशेब मागतो. कॅनडाचा प्रवासाचा तक्ता १० वर्षांचा, किंवा १८ वर्षं पूर्ण झाल्यापासूनचा, आणि त्यात तारखा, ठिकाण, कारण सगळं हवं असतं. यातला सगळ्यात आखूड अर्ज एकदा भरून ठेवा आणि तोच मजकूर उचलून सगळीकडे चिकटवा. प्रश्न वेगळा असला म्हणून उत्तर बदलणं तत्त्वात बसत नाही.

आणि मागच्या अर्जाची प्रत कधीही जवळ ठेवू नका. आठ वर्षांपूर्वी विद्यार्थी म्हणून केलेल्या अर्जात तुम्ही थायलंड लिहिलं होतं, या खेपेला ते राहून गेलं. बिघडलं काय? खरं सांगायचं तर अधिकाऱ्याला थायलंडशी काहीच देणंघेणं नसतं. समुद्रावर चार दिवस लोळून आलात म्हणून कोणी व्हिसा नाकारत नाही. तो फक्त दोन कागद शेजारी ठेवतो आणि आठ वर्षांपूर्वीच्या तुमचं आजच्या तुमच्याशी पटतं का, ते बघतो. हे फार कोत्या मनाचं लक्षण आहे. माणूस बदलतो, वाढतो, त्याची थायलंडबद्दलची मतं बदलतात. मात्र हे त्याला समजावून सांगायला गेलात की तो ‘मग नक्की कधी गेला होतात?’ असं काहीतरी रुक्ष विचारतो.

‘तुम्हाला कधी व्हिसा नाकारला गेला आहे का?’ हा प्रश्न तर निव्वळ उद्धटपणाचा. कॅनडावाले पुढे ‘कॅनडाने किंवा अन्य कुठल्याही देशाने’ असंही घालतात. पण त्या दुसऱ्या देशाने नाकारला तेव्हा तुम्ही तिथे गेलाच नाहीत, आणि जिथे गेलाच नाहीत तो प्रवास कसा होईल? हे तर्कशास्त्र इतकं पक्कं आहे की ते अर्जात लिहायची गरज नाही. बेधडक ‘नाही’वर टिक करा. ‘कधी’ या शब्दाला मुदत नसते, हे बारीक अक्षरांचं वाचन करणाऱ्यांसाठी.

कायम वास्तव्याच्या आणि नागरिकत्वाच्या अर्जांत ते दिवस मोजतात. ब्रिटनमध्ये बहुतेक नोकरीच्या व्हिसांवर कुठल्याही १२ महिन्यांत १८० दिवसांहून जास्त बाहेर राहायचं नसतं, कॅनडाच्या नागरिकत्वाला ५ वर्षांत १०९५ दिवस हजर राहावं लागतं, अमेरिकेत एका दमात ६ महिन्यांहून अधिक बाहेर राहिलात की वास्तव्य खंडित झालं का असं विचारतात. अशा वेळी एक्सेलच्या तक्त्यात निघालेली तारीख, परतलेली तारीख आणि मधले दिवस मांडणारे लोक असतात. त्यांना छंद नसतात. तुम्ही ‘महिना-दीड महिना’ लिहा.

हे सगळं स्वतः करायचा कंटाळा आला तर एजंट आहेच. ‘सगळं मी बघतो, तुम्ही फक्त पासपोर्टचं पहिलं पान पाठवा’ असं म्हणणारा एजंट मिळाला तर त्याला सोडू नका. पहिल्या पानावर शिक्के नसतात, हे त्याला ठाऊक आहे. तो तुमच्या प्रवासाच्या रकान्यात ‘लागू नाही’ घालेल आणि अर्ज कोरा करकरीत, देखणा दिसेल. अर्ज भरायला कोणी मदत केली का, हेही डीएस-१६० विचारतो, आणि शेवटी माहिती खरी असल्याचं बटण अर्जदारानेच दाबायचं असतं. बटण दाबण्यापूर्वी वाचत बसू नका. तसंही २० मिनिटं हालचाल नसली की तो फॉर्म बंद पडतो, आणि पुन्हा उघडून वाचायचं म्हणजे एजंटवर अविश्वास दाखवल्यासारखं होतं.

कोणी भित्रा माणूस तुम्हाला आडवळणाचे उपाय सांगेल, त्यांपासून सावध राहा. तो म्हणेल, अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याच्या आय-९४ च्या संकेतस्थळावर तुमच्या तिथल्या येण्याजाण्याच्या तारखा फुकट दिसतात. म्हणेल, कॅनडाच्या सीमा खात्याकडे किंवा ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याकडे अर्ज करून स्वतःची प्रवासनोंद मागवता येते. स्वतःचा इतिहास परक्या सरकारला विचारायचा? काही मानमरातब आहे की नाही? तो असंही सुचवेल की जुना पासपोर्ट हरवला असेल, तारीख आठवत नसेल, तर तसं चार ओळींच्या पत्रात लिहा: ‘महिना पक्का आहे, दिवस अंदाजे आहे, कारण अमुक.’ छे. एवढ्या साध्या पत्राने शंका मिटून जाते आणि मुलाखतीची रंगत निघून जाते.

शिक्षेचं म्हणाल तर त्यातही निवड आहे. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर ऑस्ट्रेलिया साधारण ३ वर्षं दार लावून घेतं. कॅनडाच्या स्थलांतर कायद्याचं ४०वं कलम ५ वर्षं बाहेर ठेवतं, आणि चुकीचं सांगणं व दडवणं यांत ते फरक करत नाही. ब्रिटनमध्ये फसवणुकीला १० वर्षं आहेत. अमेरिकेत जाणूनबुजून केलेल्या खोटेपणाला मुदतच नाही. माफी मागायची सोय आहे, पण त्यासाठीही अर्जच भरावा लागतो.

तोवर नकाराचं पत्र आलेलं असेल. ते जपून ठेवायची गरज नाही. पुढच्या कुठल्याही देशाच्या अर्जात ‘कधी नकार मिळाला का, कोणत्या देशाचा, कोणत्या तारखेला, कशामुळे’ हा रकाना समोर आला की या एकाच बाबतीत तुमची स्मरणशक्ती दगा देणार नाही. तारीख वारासकट आठवेल.