रविवारी काहीच करायचं नाही म्हणजे नाही!

आमच्या लातूरच्या घरात रविवार म्हणजे सोमवार ते शनिवारचं तुंबलेलं सगळं उरकायचा वार. गाडी धुवा, पोराच्या प्रोजेक्टला थर्माकोल आणा, टाकी भरली का बघा, अन् संध्याकाळी 'जरा फ्रेश व्हायला' मॉलात जाऊन न लागणाऱ्या चार वस्तू उचलून या, त्या पण सेल आहे म्हणून. सोमवारी ऑफिसात गेलं की खरं बरं वाटतं, एसी असतो अन् कुणी काही आणायला सांगत नाही.

तर मी जाहीर केलं की आता रविवारी खरेदी बंद, मोबाईल बंद, काम बंद. ज्यू लोक पाळतात की, शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत, शब्बाथ म्हणतात त्याला. आपल्याच कोकणातले बेने इस्रायली ज्यू तेलाचे घाणे चालवायचे अन् शनिवारी घाणा बंद, म्हणून लोकांनी त्यांचं नावच शनिवार तेली पाडलं. अन् आपला रविवार तरी कुठं फुकटात आलाय, कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडेंनी १८८४ पासून मागणी लावून धरली तेव्हा कुठं १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणी कामगारांना ही सुट्टी मिळाली, अन् आपण ती थर्माकोल हुडकण्यात घालवतो! एवढं सगळं मी चहा पिता पिता बोललो. आई म्हणाली, "ताप-बिप आलाय का रं तुला?"

बायकोनं मात्र नियम विचारले. शब्बाथला ३९ प्रकारची कामं बंद असतात, ती मी वाचून दाखवायला लागलो... पेरणी, कापणी, मळणी, धान्य निवडणं, दळणं, चाळणं, पीठ मळणं, भाजणं, शिवणं, गाठ मारणं, गाठ सोडणं. "अहो, शेतातलं सोडलं तर बाकीचं सगळं माझंच हाय की," ती म्हणाली, "तुम्ही ह्यातलं नेमकं काय बंद करणार? गाठ सोडणं?" मी घाईघाईनं सांगितलं की ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या मूळ आज्ञेत मुलगा, मुलगी, नोकर, बैल, गाढव, दारातला परका माणूस, सगळ्यांना सुट्टी आहे.

"अन् बायकोला?"

आता त्या यादीत बायको खरंच नाही, मी परत परत बघितलं.

"गाढव हाय ना," ती म्हणाली, "मग तुमचं काम झालं."

रविवारी मोबाईल गव्हाच्या कोठीत ठेवला. अर्ध्या तासात पत्र्याची कोठी आतून घर्र घर्र करायला लागली, आई झाडू घेऊन धावली, तिला वाटलं घूस शिरली. बघतो तर 'तुमच्या कार्टमधले बूट तुमची वाट बघतायत' असा मेसेज. बूट वाट बघतायत! घरात एवढ्या आपुलकीनं कुणी कुणाची वाट बघत नाही. दहा वाजले तरी नाश्त्याचं नाव नाही, कारण बायकोनं शब्बाथ मनापासून धरलेला, पेपर घेऊन झोपाळ्यावर. मी हळूच म्हणालो, बाहेरून मागवू का, तर पोरगं म्हणतं, "पप्पा, डिलिव्हरीवाला पण दारातला परका माणूसच की ओ." ह्याला अभ्यासात असं काही आठवत नाही. शेवटी आईनं "मी कुठं शब्बाथ धरलाय" म्हणत पिठलं टाकलं. म्हणजे आमच्या आरामाचं बिल शेवटी आईच्या नावावर फाटलं, लिहायलाही बरं वाटत नाही, पण पिठलं झकास झालं होतं.

तसा आम्हा लातूरकरांना न शिकवता जमणारा शब्बाथ आहे, येळवस. मार्गशीर्ष अमावास्येला बाजारपेठ बंद, रस्त्यावर कर्फ्यू लागल्यासारखं, सगळं शहर शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, पांडवांची पूजा, मग भज्जी (तळलेली भजी नव्हे, शेंगा-पालेभाज्यांची मिसळ भाजी), बाजरीचे उंडे अन् मडक्यातली आंबील. ओळखीचा दिसला की त्याला ओढून जेवायला बसवायचं, पैशाचा विषय नाही. (भज्जीसाठी बायका आदल्या रात्री जागतात तो भाग पुरुष मंडळी सांगत नाहीत, मी पण एवढंच सांगतो.)

मागच्या येळवसीला असाच दाबून जेवून कोपीच्या सावलीला आडवा झालो. डोळा लागणार तेवढ्यात मेव्हणा कानाशी आला. "दाजी, हे रोडटच हाय का? एनए करून प्लॉट पाडले तर पैसाच पैसा ओ!"

आईनं तिकडूनच आंबिलीचा तांब्या पुढं केला. "पी अन् गप पड."